लागेल कधीतरी!

मराठी घरात एखादी वस्तू टाकून द्यायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘असू दे, लागेल कधीतरी!’ या एका वाक्याच्या जोरावर आपल्याकडे माळेच्या माळे भरलेत. मिक्सरचा खोका, जुन्या मोबाइलचे चार्जर, श्रीखंडाचे रिकामे डबे, पिशव्यांनी भरलेली पिशवी... बरं, ऑनसाइट जाऊन तिकडेच सेटल झालेली मंडळीही यातून सुटलेली नाहीत. न्यू जर्सीतलं एखादं देशी किचन उघडून बघा. दह्याचे मोठाले रिकामे डबे एकात एक घालून रचून ठेवलेले सापडतील. आणि फ्रीजमधल्या ज्या डब्यावर दही असं लिहिलंय, त्यात दही सोडून सगळं असेल!

पण त्याच अमेरिकेत एक घर असं आहे, जिथे हे वाक्य चालत नाही. कारण त्या घराला चाकं असतात.

आरव्ही, म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. बेड, ओटा, फ्रीज, टॉयलेट-बाथरूम सगळं पोटात घेऊन फिरणारी गाडी. काही आरव्ही स्वतःच्या इंजिनावर धावतात, त्या मोटरहोम. काही पिकअप ट्रकमागे जोडून ओढत न्यायच्या, त्या ट्रेलर. कुणी आठवडाभराच्या सुट्टीसाठी भाड्याने घेतं. कुणी रिटायर झाल्यावर घर विकून कायमचं त्यातच राहायला जातं. आणि २००८ च्या मंदीनंतर असेही बरेच जण त्यात राहायला गेले, ज्यांचं घर हातचं गेलं होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसलाच प्रकार. फरक इतकाच की विंचवाला बिऱ्हाडाचं वजन करावं लागत नाही. यांना करावं लागतं!

हल्ली पसारा कमी करणं ही तशी फॅशनेबल गोष्ट झालीये. जपानची मारी कोन्डो सांगते की वस्तू हातात घ्या आणि स्वतःला विचारा, हिच्यामुळे आनंद होतोय का? आयडिया छानच आहे. पण आनंद हा प्राणी फार लवचिक असतो हो! कॉलेजचा फाटका टी-शर्ट हातात घेतला तरी तो होतो. आरव्हीचा प्रश्न एकदम रोखठोक असतो. किती किलो?

मोटरहोमच्या दाराजवळ आतल्या बाजूला एक छोटंसं लेबल चिकटवलेलं असतं. त्यावर एक आकडा असतो. आत बसणारी माणसं आणि तुम्ही भरलेलं सामान यांचं एकूण वजन याच्या वर जाता कामा नये, असं बजावलेलं असतं. आता हिशेब करून बघा. समजा, आकडा आहे ६०० किलो. चार माणसांचे धरा २८० किलो. मग पाणी. पिण्या-धुण्याच्या पाण्याची टाकी १५० लिटरची असेल आणि ती काठोकाठ भरली, तर तिचेच १५० किलो. पाण्याचं वजन करायचं आपल्याला सुचतच नाही, कारण आपल्याकडे ते गच्चीवर असतं आणि बिल्डिंग कुठे जात नसते. उरले किती? १७० किलो. यात भांडीकुंडी, अंथरुणं-पांघरुणं, कपडे, किराणा, फोल्डिंगच्या खुर्च्या, टूलबॉक्स, ग्रिल, मुलांच्या सायकली आणि तुमचा तो लाडका डंबेलचा सेट. बसवा!

नाही बसलं तर काय होतं? पोलीस येऊन लगेच सामान उतरवतो असं नाही. टायर जास्त तापतात आणि भर हायवेवर फुटू शकतात. ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. ट्रेलरमध्ये सगळं जड सामान मागच्या टोकाला कोंबलं, तर तो सापासारखा डोलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही सोबत घेऊन जातो. म्हणून शहाणी माणसं ट्रक-स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी चढवतात. आपल्याकडे साखर कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्या काट्यावर चढतात, अगदी तसंच. तिकडे ‘कॅट स्केल’ नावाचे असे दोन हजारांहून जास्त काटे आहेत. थोडे डॉलर्स मोजले की कुठल्या अ‍ॅक्सलवर किती भार आहे, याची पावती हातात येते. नवरा-बायकोच्या भांडणात हा तिसरा पंच फार कामाचा. ‘तुझी पुस्तकं जास्त की माझे शूज’ हा वाद पावतीसमोर टिकत नाही.

जॉन स्टाइनबेकला अशी पावती मिळाली असती तर? १९६० च्या सप्टेंबरमध्ये हा मोठा लेखक एका पिकअप ट्रकवर छोटंसं घर बसवून, सोबत चार्ली नावाचा पूडल जातीचा कुत्रा घेऊन अमेरिका बघायला निघाला. डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्याने गाडीचं नाव ठेवलं ‘रोसिनान्ते’. प्रवासात लिहिणं होईल म्हणून टाइपरायटर, कागद, कार्बन घेतले. शब्दकोश घेतले, एक आटोपशीर ज्ञानकोशही घेतला. आणि वाचायची राहून गेलेली पुस्तकं... किती, तर दीडशे पौंड! म्हणजे जवळजवळ ६८ किलो. वर गरजेपेक्षा कितीतरी जास्त कपडे, पांघरुणं आणि बूट. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ या १९६२ मध्ये आलेल्या पुस्तकात त्याने स्वतःच हिशेब मांडलाय की आपण जवळपास सगळंच गरजेच्या चौपट नेलं होतं. ती रोसिनान्ते आज कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावी त्याच्या नावाच्या संग्रहालयात उभी आहे. (न वाचलेल्या पुस्तकांबद्दल त्याने जे म्हटलंय ते इथे सांगत नाही. तुमच्या बेडशेजारच्या ढिगाकडे बघा, तुम्हाला कळेलच.)

खरं तर वाटेत सामान टाकत जाणं ही त्या देशाची जुनीच परंपरा. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं मिळतंय म्हणून हजारो लोक बैलांच्या नाहीतर खेचरांच्या गाड्यांत संसार भरून पश्चिमेकडे निघाले. लोखंडी शेगड्या, लाकडी पेट्या, खारवलेल्या मांसाच्या राशी. मिसुरी नदीपासून हजारेक किलोमीटरवर फोर्ट लॅरमी लागायचा. तोवर जनावरं थकलेली आणि पुढे डोंगर. मग तिथे सामानाचे ढीग पडायला लागले, इतके की त्या वर्षी त्या ठिकाणाला ‘कॅम्प सॅक्रिफाइस’ असंच नाव पडलं. त्या काळच्या डायऱ्यांमध्ये एक चमत्कारिक गोष्टही सापडते. काही लोकांनी टाकून दिलेल्या साखरेवर टर्पेंटाइन ओतलं आणि पिठात माती कालवली. का, तर आपल्याला मिळत नाही ते मागून येणाऱ्यालाही मिळू नये! वस्तू सोडणं एक आणि तिच्यावरचा हक्क सोडणं वेगळं, हे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय.

आधी काय जातं?

भाड्याच्या आरव्हीत आठवडाभर जाणार असाल, तर सगळ्यात आधी सुटकेस. विमानातून आलेल्या त्या टणक, चाकांच्या बॅगा आरव्हीत कुठेच मावत नाहीत. कपाटं छोटी, बेडखालचे कप्पे वेडेवाकडे. कपडे मऊ बॅगेत भरा. बॅग रिकामी झाली की घडी करून उशीखाली सरकवता येते. सुटकेसची घडी होत नाही!

कायमचं राहायला निघालेल्यांची यादी वेगळी. तिथे माझ्या मते पहिली कात्री विजेच्या उपकरणांना लावावी. कॅम्पग्राउंडवर साधारणपणे ३० अ‍ॅम्पियरचं कनेक्शन मिळतं, तेही १२० व्होल्टचं, म्हणजे सगळं मिळून ३६०० वॉट. एसी चालू, मायक्रोवेव्ह चालू आणि वर चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली की खट्! अंधार. आणि गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर गाडी लावली, तर तेवढीही वीज नाही. मग टोस्टर, किटली, एअर फ्रायर, हेअर ड्रायर हे सगळे शोभेचे पाहुणे. गॅसच्या शेगडीवर चालणारा साधा शिटीचा कुकर मात्र इथे हिरो ठरतो. कमी गॅस, कमी पाणी आणि वरण-भात एकाच वेळी. तव्याचंही तसंच, पण एकच तवा. डोशाचा वेगळा, पोळीचा वेगळा आणि ‘हा ऑम्लेटचा, याला हात नाही लावायचा’ असा तिसरा, ही चैन चार भिंतींच्या घरात करावी.

मग नंबर डबल वस्तूंचा. काचेच्या बरण्या, आठ माणसांचा डिनर सेट, पाहुण्यांच्या चादरी. आरव्हीत पाहुणे झोपायला येत नाहीत, ते शेजारी आपली आरव्ही लावतात. ऑफिसचे कपडे एकदम सोडवत नाहीत, हे मला अगदी समजू शकतं. पाच फॉर्मल शर्ट आणि ब्लेझर हे कापड नसतं, तो हुद्दा असतो. पण लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात दिसतो तेवढा अर्धा माणूस सजवायला एक शर्ट पुरतो.

उत्साहाच्या भरात मात्र काही गोष्टी टाकू नका बरं का. टायरची हवा मोजायचं यंत्र, अग्निशामक सिलिंडर, पाण्याचा दाब कमी करणारी नळाची तोटी, सांडपाण्याचा पाइप. या वस्तूंमुळे कुणाला आनंद होत नाही. पाइपमुळे तर नाहीच नाही.

टाकायचं तरी कुठे?

इथे आपल्याला खरी गंमत कळते. आपल्याकडे टाकायची सोय दाराशी चालत येते. रद्दीवाला काटा घेऊन येतो, भंगारवाला आरोळी देतो आणि बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं देऊन जाते. (पातेलं आलं म्हणजे एक वस्तू वाढलीच, पण ते असो.) तिकडे अडगळ घ्यायला असं दाराशी कुणी येत नाही. त्यात तुमचं दारच आज अ‍ॅरिझोनात आणि पुढच्या आठवड्यात युटामध्ये! घरासमोर टेबल मांडून गराज सेल करावा तर गराज नाही, आणि कॅम्पग्राउंडवाले सहसा तसं काही मांडूही देत नाहीत.

मग सगळ्यात सोपा रस्ता दान दुकानांचा. गुडविल ही संस्था १९०२ मध्ये बॉस्टनमध्ये सुरू झाली. तिची दुकानं आज गावोगाव आहेत. मागच्या दाराशी गाडी लावायची, पेट्या उतरवायच्या, पुढे निघायचं. साल्व्हेशन आर्मीची दुकानंही तशीच. पण जुनी गादी आणलीत तर बहुतेक ठिकाणी नाही म्हणतात. अवजारं, दिवे, छोटं फर्निचर असेल, तर हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीची ‘रीस्टोर’ नावाची दुकानं असतात. पुस्तकांसाठी रस्त्याकडेला खांबावर उभी केलेली छोटी कपाटं दिसतात, ‘लिटल फ्री लायब्ररी’. २००९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका घरासमोर पहिलं उभं राहिलं. एक पुस्तक ठेवा, हवं तर एक घ्या. (पाच ठेवा आणि एकही घेऊ नका, हा आरव्हीवाल्यांचा नियम!)

पण मला सगळ्यात आवडलेली जागा म्हणजे कॅम्पग्राउंडची लाँड्री. कपडे मशिनमध्ये फिरत असतात, माणसं रिकामी बसलेली असतात आणि कोपऱ्यात एक शेल्फ असतं. त्यावर वाचून झालेली रहस्यकथा, जिगसॉ पझल, कुणाचा तरी जास्तीचा मग. पझलच्या खोक्यावर कधीकधी पेनने लिहिलेलं असतं, ‘एक तुकडा कमी आहे.’ इतका प्रामाणिकपणा आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या ‘फॉर सेल, लाइक न्यू’मध्ये शोधून सापडायचा नाही.

अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझसाइट गावाजवळ २०११ पासून बॉब वेल्स यांनी ‘रबर ट्रॅम्प रॉन्देव्हू’ हे गाडीत राहणाऱ्यांचं संमेलन भरवायला सुरुवात केली. तिथे तर नको असलेल्या वस्तूंचा एक फुकट ढीगच असायचा. ज्याला नको त्याने ठेवावं, ज्याला हवं त्याने उचलावं. एकाची जास्तीची ताडपत्री म्हणजे दुसऱ्याचा व्हरांडा.

एक रस्ता मात्र पूर्ण बंद. निघताना खुर्ची तिथेच वाळवंटात सोडून द्यायची, हे चालत नाही. सरकारी जमिनीवर असं सोडणं हा कचरा टाकण्याचा गुन्हा आहे. १८४९ ची सवलत संपली! त्याच सरकारी मोकळ्या जमिनींवर बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवसच राहता येतं, मग हलायचं. म्हणजे दर दोन आठवड्यांनी बाहेर पसरलेलं सगळं, चटई, टेबल, दिव्यांच्या माळा, पुन्हा आत गेलं पाहिजे. नाही गेलं तर तिथल्या तिथे निकाल. आपल्याकडे ही परीक्षा वर्षातून एकदा दिवाळीला होते आणि तरी आपण नापास होतो.

कुलपातलं घर

आता अवघड भागाकडे. जे टाकवत नाही आणि गाडीतही मावत नाही, त्याचं काय?

अमेरिकेने यावर एक उत्तर काढलंय आणि ते उत्तर म्हणजे शटरच्या खोल्यांची रांगच्या रांग. सेल्फ-स्टोरेज. देशभरात अशी पन्नास हजारांहून जास्त केंद्रं आहेत. महिन्याचं भाडं भरा, सामान आत टाका, कुलूप लावा. आरव्हीत राहायला निघालेले कित्येक जण ‘वर्षभरच’ म्हणून एक खोली घेतात. समजा, भाडं १२० डॉलर आणि वर्षभराची तीन वर्षं झाली, तर ४,३२० डॉलर. आत काय, तर दोनेकशे डॉलरला कुणी घेणार नाही असा सोफा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! आणि भाडं थकलं तर खोलीतलं सामान लिलावात काढायची मुभा तिकडच्या कायद्याने मालकाला असते. २०१० मध्ये सुरू झालेला ‘स्टोरेज वॉर्स’ हा टीव्ही शो याच लिलावांवर उभा आहे. परक्याच्या संसारावर बोली लावणारी माणसं बघताना मजा येते, हे खरंय. थोड्या वेळाने ती मजा जाते, हेही.

पण हा सगळा मामला नुसत्या डॉलरचा नाही. क्लोई झाओच्या ‘नोमॅडलँड’मधली फर्न आठवा. हा २०२० चा सिनेमा, पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला. फर्न काल्पनिक आहे, पण तिचं गाव खरं. नेवाडातलं एम्पायर. २०११ मध्ये तिथला जिप्समचा कारखाना बंद झाला, गाव ओस पडलं आणि त्याचा पिन कोडसुद्धा रद्द झाला. फर्नचा नवरा गेलेला, घर गेलेलं. सिनेमा सुरू होतो तो तिच्या स्टोरेजच्या खोलीत, आणि शेवटाकडे ती परत येऊन त्या खोलीतलं सगळं सोडून देते. मात्र वडिलांनी दिलेल्या डिशेस तिने गाडीत घेतलेल्या असतात. मदत करायला आलेल्या मित्राच्या हातून त्या फुटतात तेव्हा ती चिडते, आणि मग बसून एकेक तुकडा चिकटवते. हॉटेलात भांडी घासून पोट भरता येतं, प्लास्टिकच्या ताटलीत जेवता येतं, सगळं खरं. तरीही ती चिकटवते.

जेसिका ब्रुडरच्या २०१७ मधल्या ज्या पुस्तकावर हा सिनेमा बेतला, त्यातली खरी माणसं वाचताना आणखी एक गोष्ट टोचते. यातले अनेक जण सीझनला अ‍ॅमेझॉनच्या गोदामांत काम करायचे. कंपनीचा त्यासाठी ‘कॅम्परफोर्स’ नावाचा खास कार्यक्रमच होता, जो आता बंद झालाय. घरातली एकेक वस्तू देऊन टाकून गाडीत राहायला आलेली साठी-सत्तरीची माणसं रात्रपाळीत दुसऱ्यांच्या घरी जाणाऱ्या वस्तू स्कॅन करतायत. त्यातल्या किती वस्तू वर्षभरात कुठल्या तरी शटरमागे गेल्या असतील, कोण जाणे.

वजनात न बसणाऱ्या अशा गोष्टींसाठी एक रीत मला पटते. एक डबा ठरवायचा. बुटांच्या खोक्याएवढा. आठवणींचं जे काही असेल ते त्यात मावलं पाहिजे, आणि त्यात काय आहे याचा जाब जोडीदाराने विचारायचा नाही. फोटो स्कॅन करावेत, पण चार अल्बममधून सगळे नाही, चाळीस निवडून. मुलांकडे ठेवायला देण्याआधी मुलांना विचारावं. बहुतेक मुलांना आईचा चायना सेट नको असतो आणि ते सांगायचा धीर नसतो. मग तो त्यांच्या बेसमेंटमध्ये जाऊन बसतो. म्हणजे फुकटातलं स्टोरेज! इकडचा फ्लॅट विकून मुलाकडे कायमचे निघालेले आई-बाबा तुमच्याही ओळखीत असतील. २३ किलोच्या दोन बॅगा प्रत्येकी, आणि चाळीस वर्षांचा संसार. वजनकाटा तोच, फक्त तो बाथरूममधला. त्या वेळी ‘काय हे आई, हे काय न्यायचं?’ असं ज्यांच्या तोंडी येतं, त्यांनी आपल्या जुन्या चार्जरचा खण उघडून यावं.

आणि पुन्हा भरती

एवढं सगळं हलकं करून माणूस रस्त्याला लागतो, आणि पहिल्याच नॅशनल पार्कच्या दुकानातून मग विकत घेतो. जित्याची खोड! टी-शर्ट, फ्रीजवरचे मॅग्नेट, हाताने विणलेली चटई. यावर आरव्हीवाल्यांचा जुना नियम आहे की एक वस्तू आत आली तर एक बाहेर गेली पाहिजे. नियम उत्तम, पण पाळायला अवघड, कारण आत येणारी वस्तू नवी असते आणि बाहेर जाणारी आपली.

सगळ्यात मोठा मोह कुठला सांगू? दगड! ज्या क्वार्टझसाइटला हिवाळ्यात आरव्हींची जत्रा भरते, ते अडीच हजार वस्तीचं गाव रंगीत खडे-दगडांच्या बाजारासाठीच प्रसिद्ध आहे. म्हणजे ग्रॅम-ग्रॅम मोजून टोस्टर टाकलेली माणसं तिथून पिशवीभर गारगोट्या घेऊन निघतात. त्या निदान विकतच्या. पण अ‍ॅरिझोनातच पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं नॅशनल पार्क आहे. वीस कोटी वर्षांपेक्षा जुनी झाडं तिथे दगड होऊन पडलीत. लाल, पिवळे, जांभळे तुकडे, अगदी खिशात मावतील असे. उचलणं बेकायदा आहे, तरी लोक उचलतात. आणि मग कधी महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी ते पोस्टाने परत पाठवतात. सोबत पत्रं असतात. तुमचा दगड घरी आणल्यापासून नोकरी गेली, घटस्फोट झाला, मांजर आजारी पडलं, कृपया परत घ्या.

पार्कवाल्यांची पंचाईत अशी की दगड नेमका कुठून उचलला होता हे कळायला मार्ग नसतो, आणि चुकीच्या जागी ठेवला तर अभ्यासकांची दिशाभूल होते. म्हणून ते दगड जंगलात परत जात नाहीत. पार्कच्या एका आतल्या रस्त्याकडेला त्यांचा ढीग केलाय. त्याला तिथे ‘कॉन्शन्स पाइल’ म्हणतात, म्हणजे मनाला लागलेल्या टोचणीचा ढीग. पत्रं मात्र पार्कने फाइलला लावून नीट जपून ठेवली आहेत.